वाढत्या अंगाचं माप

आमच्या केंद्रातल्या शाळांमध्ये त्यांना टेपसर म्हणत. पाठीमागे. तोंडावर नुसतं सर. गळ्यात शिंप्याची टेप, तिची दोन्ही टोकं छातीवर लोंबणारी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि बुडाखाली अशी एक मोटारसायकल, की तिच्या आवाजानं रस्त्याकडेच्या उसाला वेळेआधी तुरे यायचे. ती टेप ते अंघोळीलाही काढत नाहीत, लग्नात मुंडावळ्यांच्या जागी तीच बांधली होती, अशा गोष्टी केंद्रभर पसरल्या होत्या. पसरवल्या मीच. माझी सवय आधीच सांगून ठेवतो, मी जरा वाढवून सांगतो. कोल्हारच्या पुलाखालून गेलेलं पाणी माझ्या तोंडून पुलावरून जातं. आमची मंडळी म्हणते, यांनी सांगितलेल्यातलं निम्मं सोडा आणि उरलेल्याची चौकशी करा. वाचणाऱ्यांनीही तसंच करावं.

मी तेव्हा प्रवरेच्या कालव्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. शाळा सातवीपर्यंत. आता नियम असा आहे की ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याचे पाय उचलत नाहीत किंवा शिकायला वेळ लागतो, अशा पोराला वेगळ्या शाळेत न धाडता गावच्याच शाळेत, गावच्याच पोरांत बसवायचं. नियम चांगला आहे. त्या पोरांसाठी एक फिरता विशेष शिक्षक असतो, तेही चांगलं आहे. फक्त आमच्या सरांकडे इतक्या शाळा दिल्या होत्या, की एका शाळेतून निघालेले सर पुन्हा तिथं पोचायचे तोवर पहिलीतल्या पोराला मिसरूड फुटलेलं असायचं. नोकरी कराराची. दर उन्हाळ्यात संपायची आणि पावसाळ्यात ऑर्डर आली तर पुन्हा सुरू व्हायची. मधल्या दिवसांत आपण कोण असतो हे सरांनाही माहीत नसायचं.

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, "दुसरीतली एक पोरगी जरा कमी ऐकते."

"किती?"

"जरा."

"जरा म्हणजे किती फुटांवरून?"

आता हे कुणाला माहीत असतं? सरांनी त्या पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः एकेक पाऊल मागे सरकत, नेहमीच्या आवाजात तिचं नाव घेत राहिले. ज्या फरशीवरून हाक मारल्यावर पोरीनं मान वळवायची थांबवली तिथं त्यांनी खडूनं रेघ मारली आणि टेप टाकली.

"सहा फूट दोन इंच. हिची जागा पहिल्या बाकावर, तुमची जागा ह्या रेघेच्या आत. रेघेबाहेरून तुम्ही जे शिकवाल ते भिंतीला."

दोन वर्षं मी त्या पोरीला ढ समजत होतो. हे वाक्य निम्मं करू नका.

मग त्यांनी तोच प्रयोग आमच्या मुख्याध्यापकांवर केला, त्यांना न सांगता. अकरा फूट निघाले. त्यानंतर मिटिंगला आम्ही सगळे बाराव्या फुटावर बसायला लागलो. ‘जरा’, ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’ हे शब्द सरांना शिवीसारखे लागत. "आकड्यात सांगा," म्हणायचे. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी विचारतील, किती चिमूट.

आमच्या शाळेला रॅम्प होता. व्हरांडा अडीच फूट उंच आणि रॅम्प पाच फूट लांब. मुख्याध्यापकांनी त्याला पिवळा रंग दिला, दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवल्या, फोटो वर पाठवला, आणि वरून ‘उत्तम’ असा शेरा आला. सर आले, पिशवीतून एक लिंबू काढलं आणि रॅम्पच्या डोक्यावरून सोडून दिलं. लिंबू सुटलं ते झेंड्याच्या कट्ट्याला थडकून, फाटकातून, रस्ता ओलांडून थेट कालव्यात.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सर, हितं लेकरं हायेत. लिंबू कशापायी सोडता?"

"मावशी, चाकाच्या खुर्चीतलं लेकरू इथं बसवलं तर ते ह्याच वाटेनं जाईल."

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो पण सर, आपल्या शाळेत चाकाच्या खुर्चीतलं पोर एकपण नाही."

"पोर नाही म्हणून रॅम्प असा, का रॅम्प असा म्हणून पोर नाही?" सर म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं: एका फुटाला बारा फूट पाहिजेत. तीस हवे, पाच आहेत. मग ते दिव्यांगांच्या शौचालयाकडे वळले. त्याला कुलूप होतं. उघडलं तर आत तांदळाची पोती. सरांनी दार मोजलं आणि म्हणाले, खुर्ची आत जाणार नाही, पण पोती बरोबर मावलीत, आकार चुकलेला नाही. मुख्याध्यापकांना ती तारीफ वाटली.

सरांचं घर पाथर्डीकडचं. वडील आठवडे बाजारात मशीन टाकून बसणारे शिंपी. तिकडच्या कोरड्या गावांतली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला घर सोडतात, त्यामुळे एकदा शिवलेला शाळेचा ड्रेस निदान दोन वर्षं तरी पुरला पाहिजे. कापड पुढं करताना प्रत्येक आई एकच सांगायची: वाढत्या अंगाचं शिवा. मग बाही बोटांच्या पुढं, चड्डी पोटऱ्यांपर्यंत, आणि आत दुमडलेल्या पट्ट्या, वर्षा-वर्षाला एकेक उसवायच्या. वडील सरांना सांगायचे, पोराचं माप घेताना पोराकडं बघू नको, पुढच्या दिवाळीकडं बघ. हे वाक्य सर दिवसातून दोनदा तरी ऐकवत. मी दहादा लिहिणार होतो, पण दोनदाच.

त्यांच्या भाड्याच्या खोलीवर मी एकदाच गेलो. चहा ठेवतो म्हणाले आणि मला भिंतीसमोर बसवलं. लोकांच्या भिंतीवर कॅलेंडर असतं, देव असतात. ह्यांच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला कॅलिपर. लहान मुलांचे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्याला बिजागरी, खाली बूट. पाय ज्याचं ऐकत नाहीत अशा पोराला हे बांधलं की ते उभं राहतं. भिंतीवर अशा अकरा जोड्या होत्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी: नाव, माप घेतल्याची तारीख, वाटपाची तारीख. दोन तारखांमध्ये कुठं वर्ष, कुठं दीड वर्ष.

"मोजमाप शिबिरात माप घेतात," सर म्हणाले. "मग ते कागद फिरतात. मग वस्तू येतात. मग वाटपाला पाहुणे मिळत नाहीत. तोवर पाय थांबतोय होय?"

आखूड कॅलिपरांचं लोक काय करतात हेही त्यांनी सांगितलं. एकानं दाराला अडसर म्हणून लावला होता, एकानं टोमॅटोच्या वेलाला टेकू दिला होता. सर ते घरोघर जाऊन परत मागून आणायचे.

कोपऱ्यातल्या एका जोडीकडे बोट करून मी म्हटलं, "हा तर नवाकोरा दिसतोय. हा पण आखूड?"

"न्हाई. ह्याचं माप बरोबर होतं." सर चहात साखर ढवळत राहिले. "पोरगंच वाढलं न्हाई. वाटपाच्या आधी गेलं."

त्यानंतर चहा मला गोड लागला नाही, साखर तीन चमचे होती तरी.

ह्या भिंतीतूनच त्यांना ती युक्ती सुचली. शिबिरात बाहेरून आलेला तंत्रज्ञ माप घ्यायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. फॉर्म भरायला आमच्यासारखे बसलेले असायचे. सरांनी तंत्रज्ञाला आधी सरळ विचारलं, दोन इंच वाढवता का? तो म्हणाला, "सर, मी पायाचं माप घेतो, पायजम्याचं नाही." मग सर फॉर्म भरायला स्वतःच बसू लागले. गुडघ्याच्या वर एक इंच, गुडघ्याच्या खाली एक इंच. म्हणजे दोन वाढले तरी बिजागरी गुडघ्यावरच येणार. वाढत्या अंगाचं.

पहिल्या खेपेला एका भाजीवाल्याच्या पोराचे कॅलिपर दीड वर्षानं आले आणि असे बसले, असे बसले, की जसे पायातूनच उगवलेत. पोरगं कोल्हारच्या बाजारातनं बापाच्या पुढं चालत गेलं. मी सगळीकडे सांगितलं की ते पळत गेलं. सरांनी त्या दिवशी पेढे वाटले, प्रत्येकाला दोन. भिंतीवर बारावी जोडी काही लागली नाही. सलग तीन वर्षं नाही लागली.

आता ऋतुजा.

ती आमच्या शाळेत सातवीत होती. जन्माच्या वेळी गुदमरली होती, पाय कात्रीसारखे एकमेकांत जायचे. वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. सकाळी दुधाच्या कॅनबरोबर तिला आणून शाळेत उतरवायचे. आई शेतात. पोरगी हुशार आणि तोंडाची तिखट. मी वर्गात एखादी गोष्ट रंगवून सांगितली की मागून आवाज यायचा, "गुरुजी, मागच्या टायमाला वाघ एकच हुता." बाकी वर्ग हसायचा. सरांवर तिचा जीव होता, कारण तिला प्रश्नाचं उत्तर आकड्यात देणारा तेवढा एकच माणूस भेटला होता.

अडचण आठवीची. हायस्कूल शेजारच्या गावात, आणि आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. सर मला घेऊन तिथल्या मुख्याध्यापकांना भेटायला गेले.

ते म्हणाले, "पोरगी आम्हाला घ्यायचीच आहे. नाही कोण म्हणतं? नाही म्हणताच येत नाही. पण वर्ग वर आहे."

"मग वर्ग खाली आणा."

"खाली ऑफिस, संगणक कक्ष, स्टाफरूम. आणि हे बघा सर, आता ती मोठी होतीये. रोज उचलून वर न्यायची कुणी? उद्या काही बोलाबोली झाली तर? तिची ती चढली तर आमची काही हरकत नाही. नाहीतर घरीच शिकायची सोय आहे की शासनाची."

ती सोय खरंच आहे. गृहाधारित शिक्षण म्हणतात. ज्या पोराला अंथरुणातून हलताच येत नाही त्याच्यासाठी विशेष शिक्षक आठवड्यातून घरी जातो. ऋतुजासारखीच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की पटावर नाव राहतं आणि पोरगी घरी राहते. तिला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "गुरुजी, घरी मी कोनाच्यात बसू? म्हशीच्या?"

सरांनी जिना मोजला. बावीस पायऱ्या, प्रत्येक सात इंच. एका बाजूला कठडा. "कॅलिपर असले तर चढेल," म्हणाले.

डिसेंबरात शिबीर झालं. मी ऋतुजाला टेम्पोतून घेऊन गेलो. पोरांना धरणाऱ्यांत त्या दिवशी एक माणूस कमी होता, म्हणून सर ऋतुजाला धरून शेजारी उभे राहिले आणि लिहायला मी बसलो. तंत्रज्ञानं आकडा सांगितला. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "एक वर, एक खाली." मी लिहिलं. जन्मभर तोंडानं वाढवत आलो, कागदावर पहिल्यांदाच.

आणि त्या वर्षी अघटित घडलं. वाटपासाठी कुणी मोठे पाहुणे यायचं ठरलं, त्यांची तारीख पक्की झाली, आणि त्या तारखेआधी साहित्य आणा म्हणून वरून असे फोन गेले की कॅलिपर अडीच महिन्यांत हजर. मंडप, हार, सत्कार. ऋतुजाच्या पायात ते बांधले तर बिजागरी गुडघ्याच्या वर आणि टाच बुटात अधांतरी. सरांनी पिशवीतली फडकी काढून बुटात कोंबली. तिला स्टेजवर चार पावलं चालायला सांगितलं, ती चालली, टाळ्या झाल्या, व्हिडिओ निघाला. तिच्या आईनं एका छापील कागदावर सही केली: साहित्य योग्य मापाचे मिळाले.

परत येताना टेम्पोच्या मागं आम्ही दोघं कॅनच्या शेजारी बसलो होतो. सर म्हणाले, "परत करू. माप चुकलं म्हणून लिहून देऊ."

"आणि नवे कधी येतील?"

"दीड वर्ष."

"आठवी जूनमध्ये आहे सर." मीच म्हणालो, "कापून घेऊ. दोन इंचांचा तर प्रश्न आहे."

कोल्हारच्या रस्त्याला एक वेल्डिंगवाला होता, ट्रॉल्या आणि ग्रिल करायचा. त्यानं कॅलिपर उलटेपालटे करून पाहिले. "हे काय ट्रॅक्टरचं हाय का?" म्हणाला. सर त्याच्या डोक्यावर उभे राहिले. प्रत्येक पट्टी कापायच्या आधी सात वेळा मोजली. टोकाकडून इंचभर कापायचं, नवं भोक पाडायचं, चामड्याच्या पट्ट्याला पुन्हा रिवेट ठोकायचा. दोन पाय, प्रत्येकाला चार काप, आठ तुकडे पडले. सरांनी ते खडूच्या रिकाम्या खोक्यात भरून पिशवीत ठेवले. कापलेले कॅलिपर ऋतुजाला मापात बसले. अगदी केसाइतकाही फरक नाही. माप बरोबर होतं, एवढं लक्षात ठेवा.

मार्च-एप्रिल दोन महिने सरांनी बाकीच्या शाळांना वाऱ्यावर सोडलं आणि आमच्याकडे मुक्काम ठोकला. आमच्या स्टेजला तीन पायऱ्या. तीन पायऱ्या सात वेळा म्हणजे एकवीस, वर एक. ऋतुजा कठडा समजून कडेला उलट्या ठेवलेल्या माझ्या टेबलाचा पाय धरायची, दात-ओठ खायची, चढायची. मी मोजायचो आणि मध्येच एखादा आकडा गाळायचो, म्हणजे तिला जास्त वाटावं. ती ओरडायची, "गुरुजी, बारा झालं. तेरा न्हाई."

दरवेळी झाल्यावर सर विचारत, "दुखतं का?"

"न्हाई."

"आकड्यात सांग. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे रडू येतं."

"शून्य, सर."

सर वहीत लिहीत: शून्य. रोज तारीख आणि पुढं शून्य. त्या वहीची पानं मी नंतर पाहिली. एकाखाली एक, रांगेनं.

मेमध्ये तिच्या आईनं हायस्कूलचा ड्रेस आणला. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार. ऋतुजानं तो घालून दाखवला तर बोटंसुद्धा दिसेनात. आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा घेतलाय, सर. आता दहावीपत्तुर बघाया नको." सर कधी नव्हे ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, माझ्या वडलांचं गिऱ्हाईक शोभता, ताई.

मेच्या शेवटी आईला वास आला. आधी वाटलं घरात उंदीर मेलाय. सगळं घर धुंडाळलं. मग पोरीची सलवार धरून ओढली, पोरगी सोडेना, तर तिला एक थोबाडीत दिली तेव्हा सोडली. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, चामड्याच्या पट्ट्याखाली, नव्या रिवेटचं डोकं दोन महिने रुतत होतं. पट्टीचं माप चोख होतं. आतून रिवेट बुजवून वर मऊ कातडं लावायचं असतं हे वेल्डिंगवाल्याला माहीत नव्हतं, सरांना माहीत नव्हतं, आणि मला तर काय माहीत असणार. आई म्हणाली, बोट आत जात होतं. मी एरवी असल्या गोष्टीत हात आत घातला असता. बोटाचं पेर, एवढंच.

दवाखान्यात सर तिच्या खाटेशी उभे राहिले.

"शून्य का सांगितलंस?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आठ म्हनले असते तर तुमी काढून ठिवलं असतं."

"ठेवलंच असतं."

"मंग जून?"

जून आला आणि गेला. जखम बुजायला पावसाळा गेला, मांडीला कातडं दुसरीकडून आणून लावावं लागलं. हायस्कूलनं गृहाधारितचा फॉर्म पाठवला. त्यावर विशेष शिक्षकाची शिफारस लागते. सरांनी तो माझ्या टेबलावर ठेवून भरला. सहीच्या जागी पेन टेकवून इतका वेळ बसले की शाईचा डाग पडला. मग सही केली आणि डागाला कागद लावून टिपला.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले आता कॅलिपर चालतील. तर ते होईनात. एक तर रिवेटची भीती, आणि दुसरं म्हणजे पोरगी उंच झाली होती; कापलेला कॅलिपर आता खरंच आखूड. नवे मागायचे तर तिचं नाव यादीत येईना. कारण कागदावर तिला योग्य मापाचं साहित्य मिळालेलं होतं, आणि एकदा मिळालं की पुढची काही वर्षं नाही.

मग सरांनी अर्ज लिहिला. सदर विद्यार्थिनीचे माप तंत्रज्ञांनी बरोबर सांगितले होते, ते मी हेतुपुरस्सर दोन इंच वाढवून लिहिले, त्यामुळे तिला इजा झाली, माझ्यावर कारवाई करावी व तिला नवीन साहित्य मंजूर करावे. मी लिहिले, असं. फॉर्मवरचं अक्षर माझं होतं. त्यांनी अर्जात माझं नाव घातलं नाही, आणि मी घाला म्हटलं नाही.

तालुक्याच्या ऑफिसात मी त्यांच्याबरोबर गेलो, दाराशी उभा राहिलो. साहेब माणूस वाईट नव्हता. अर्ज दोनदा वाचून म्हणाला, "सर, हा मला घेता येत नाही."

"का?"

"पालकांची सही आहे. फोटो आहे. चालतानाचा व्हिडिओ आहे, पाहुण्यांबरोबर. तुमचं खरं धरलं तर हे सगळं खोटं ठरतं."

"खोटंच आहे ते."

"अहो, कागद सगळे बरोबर आहेत. तुमची काही चूक झालेली नाही."

"साहेब, माझी चूक झालीये. आकड्यात सांगतो. दोन इंच."

"नाही झालेली." साहेबानं अर्ज घडी करून त्यांच्या खिशात घातला, अगदी प्रेमानं. "पुढच्या वर्षीची ऑर्डर निघायचीये. घरी जा."

आपण गुन्हा केला नाही हे पटवायला ऑफिसात गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. केला हे पटवता न आल्यामुळं परत आलेला तेवढा एकच.

पुढच्या जूनमध्ये त्यांना ऑर्डर आली, पण कोपरगावकडची. आता म्हणे टेप गळ्यात नसते, पिशवीत असते. ही बातमी मी पसरवलेली नाही.

जायच्या आधी ते शेवटचे ऋतुजाच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ती पडवीत खाटेवर बसली होती, अंगात हायस्कूलचा आकाशी ड्रेस. आई हळूच म्हणाली, "सरांच्या दिवशी तोच घालती. लई सांगितलं, आयकत न्हाई."

सरांनी गणिताची वही तपासली. सगळं बरोबर होतं. मग ऋतुजा म्हणाली, "सर, माझं माप घ्या."

"कशाला?"

"घ्या की. दीड वर्स झालं."

सर खाली बसले. गळ्यातली टेप काढली. मांडीपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. डिसेंबरच्या शिबिरात तंत्रज्ञानं सांगितलेला आकडा मला पाठ होता, आणि मी कागदावर लिहिलेला आकडाही पाठ होता. टेप त्या दुसऱ्या आकड्यावर थांबली. एक वर, एक खाली. न कापता ते कॅलिपर खुंटीला नुसते टांगून ठेवले असते, तर त्या दिवशी, त्या पडवीत, ते तिला बसले असते. यातला अर्धा इंचसुद्धा मी वाढवलेला नाही. सरांच्या शेजारी पिशवी होती, आणि ते सरकले तेव्हा तिच्यातल्या खडूच्या खोक्यात आठ तुकडे वाजले.

"किती, सर?"

सर टेप गुंडाळत राहिले. ज्या माणसानं जन्मभर कुणाला ‘जरा’ म्हणू दिलं नाही, तो म्हणाला, "आहे तेवढंच आहे. फार काही फरक नाही."

ऋतुजानं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढं करून बाह्या दाखवल्या. मनगटावर बरोबर येऊन थांबल्या होत्या.

"आईनं वाढत्या अंगाचा घेतला हुता," ती म्हणाली. "आता बराबर बसतोय."